डायलिसिस सुरू झालंय आणि नोकरीही टिकवायची आहे: सोलापूरकरांसाठी पायरी-पायरीने

डायलिसिस सुरू करावं लागणार असं कळलं की घरात आधी खर्चाचा विषय निघतो, मग नोकरीचा. खर्चाबद्दल सांगायला दहा माणसं भेटतात. नोकरीबद्दल मात्र सगळ्यांचं एकच: "सोडा की आता काम, जीव महत्त्वाचा." मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच बघते. काही वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसते. काम सोडलेलं नाही. सोडलं असतं तर पगार गेला असताच, पण त्या पगाराला चिकटून येणारा उपचारही गेला असता, आणि हीच गोष्ट सुरुवातीला कुणी सांगत नाही.

पुढचं सगळं किडनीच्या आजाराभोवती आहे, कारण तोच मला आतून माहीत आहे. हृदयाचा आजार, पक्षाघात, कॅन्सरनंतरची औषधं, पार्किन्सन असं काही असेल तरी नोकरीच्या बाजूचे प्रश्न बरेचसे हेच असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलंय. औषधाचा आणि पथ्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

१. राजीनामा लिहू नका, आधी पगाराची चिठ्ठी वाचा

चिठ्ठीवर दोन कपाती शोधा: ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी).

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १५,००० पगारावर तुमचे महिन्याला सव्वाशे रुपयेसुद्धा जात नाहीत. एरवी ही कपात बघून आपण कुरकुरतो. पण उपचार आणि रजेतला पगार या दोन्ही गोष्टी तिच्यावरच उभ्या असतात. राजीनामा दिला की वर्गणी थांबते, आणि चालू लाभकाळ (भरलेल्या वर्गणीवर लाभ मिळण्याचे महिने) संपला की दवाखान्याचं दारही बंद होतं.

रोख हप्ता हातात घेणाऱ्यांना चिठ्ठीच मिळत नाही. आपल्याकडे असे कारखाने कमी नाहीत. तरी ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) मागून घ्या आणि मोबाइलवर पोर्टल उघडून वर्गणी खरंच भरली जाते का ते बघा. कपात होते पण भरणा होत नाही, असंही घडतं. हे आजारी पडण्याआधी कळलेलं बरं.

पगार २१,००० च्या वर असेल तर कंपनीची गट मेडिक्लेम आहे का, आणि आधीपासूनच्या आजाराला ती पहिल्या दिवसापासून चालते का, ते विचारा. किडनी निकामी झाल्यावर स्वतःची नवी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य असतं. त्यामुळे अशी गट पॉलिसी असलेली नोकरी हजार-दोन हजार कमी पगाराची असली तरी धरून ठेवण्यासारखी.

सापळा: "घरी आराम करा, बरं वाटलं की या, फक्त इथं एक सही करा." त्या कागदावर बहुतेक वेळा "मी स्वखुशीने काम सोडत आहे" असं असतं. माझ्या ओळखीच्या शिलाई खात्यातल्या एका बाईंकडून अशीच सही घेतली होती. आजारपणाची रजा मागताना राजीनाम्याचा कागद लागत नाही. वाचून दाखवा म्हणा, आणि घरी नेऊन उद्या देते म्हणून उठा. ईएसआयचा आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. म्हणून तर सही हवी असते.

२. कागदांची पिशवी

एकच पिशवी करा. तिच्यात मूळ कागद कधीच नेऊ नका, झेरॉक्सचे तीन संच ठेवा.

- आधार, रेशन कार्ड, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- ईएसआयचं ई-पहचान कार्ड, यूएएन
- निदानाचा कागद: "क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ५, नियमित डायलिसिस आवश्यक" असं स्पष्ट लिहिलेला, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेला
- डायलिसिस केंद्राचं वारांचं आणि वेळेचं पत्र
- हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट (दुसऱ्या गावी डायलिसिस घ्यायचं झालं तर आधी हेच मागतात)
- डिस्चार्ज कार्डं, तारखेच्या क्रमाने
- पगाराच्या चिठ्ठ्या, निदान मागच्या सहा महिन्यांच्या

नावातला घोळ आधीच मिटवा. आपल्या पूर्व भागात हा फार. आधारवर "व्यंकटेश", रेशन कार्डावर "वेंकटेश", कारखान्याच्या मस्टरवर आडनाव पुढे आणि बापाच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तीन कागदांवर तीन माणसं दिसली की दावा अडकतो. आधार आणि बँकेतलं नाव एकसारखं करून घ्या आणि बाकी कागद त्याच्यामागे न्या.

३. डायलिसिसची पाळी कामाच्या पाळीभोवती लावा

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास. जाणं-येणं, वजन करणं, मशीन लागणं, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसणं, हे सगळं धरलं तर सहा तास धरा. बहुतेक केंद्रांत दिवसाच्या तीन-चार पाळ्या असतात. नव्या रुग्णाला जी रिकामी असेल ती देतात, आणि आपणही गुपचूप घेतो.

पाळी मिळाली तरी तिथे थांबू नका. मला कामावर जायचंय, दुपारनंतरची पाळी रिकामी झाली की मला सांगा, असं तिथल्या इन्चार्ज टेक्निशियनच्या कानावर घालून ठेवा. कुणाचं प्रत्यारोपण होतं, कुणी गावी जातं, जागा होतात. वारंवार आणि गोड बोलून विचारणाऱ्याला त्या मिळतात.

सकाळची की दुपारची? सकाळी डायलिसिस करून दुपारी कामावर जाणारे लोक आहेत, पण ते थोडे. डायलिसिसनंतर बहुतेकांचं अंग गळून जातं, कधी बीपी उतरतं, कधी पायात गोळे येतात. त्यापेक्षा सकाळी काम, दुपारी ३ ला मशीन, आणि तिथून सरळ घरी जाऊन झोप. नोकरदाराला हेच झेपतं असं माझं ठाम मत आहे.

सापळा: शेवटच्या पाळीत उशीर झाला की "आज साडेतीनच तास करू" असं होतं. एकदा ठीक आहे. पण सवय लागली की दुसऱ्या दिवशी कामावर त्याची किंमत मोजावी लागते. चार तास लिहून दिलेत तर चार तास बसा.

आणखी एक गोष्ट वार ठरवताना बघा. मंगळ-गुरु-शनि असेल तर शनिवारनंतर थेट मंगळवार. मधले दोन दिवस अंगात पाणी साठतं, सोमवारी संध्याकाळी चप्पल घट्ट होते, जिना चढताना धाप लागते. हा लांब खंडाचा शेवट आठवड्यातला सगळ्यात अवघड काळ. स्टॉक मोजणी, कंटेनर भरणं असली कामं त्या दिवशी अंगावर घेऊ नका.

अजून डायलिसिस सुरू झालं नसेल आणि डॉक्टर फिस्टुला करून घ्या म्हणत असतील तर पुढे ढकलू नका. हातातली शीर आणि धमनी जोडल्यावर ती वापरण्याजोगी व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. तोवर वेळ आलीच तर मानेत नळी घालतात, आणि मानेतली नळी घेऊन मागाच्या धुळीत काम करणं म्हणजे जंतुसंसर्गाला घरी बोलावणं. कोणता हात, हेही ठरतं तेव्हा तुमचं काम काय ते सर्जनना सांगा. शक्यतो कमी वापराचा हात घेतात, पण मशीनवर शिवणाऱ्याचे आणि गाठी मारणाऱ्याचे दोन्ही हात चालू असतात, हे त्यांना आपोआप कसं कळणार?

पोटातून करायचं डायलिसिसही असतं. घरीच, बहुधा दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास, पिशवी बदलायची. तीन दिवस केंद्रावर जाणं वाचतं, म्हणून टेबलावर बसून काम करणाऱ्यांना ते सोयीचं पडू शकतं. मात्र स्वच्छ खोली आणि स्वच्छ हात यात तडजोड चालत नाही, आणि पिशव्यांचा खर्च कोण देणार ते आधी ठरवावं लागतं. नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, निदान एकदा विचारा. विचारल्याशिवाय हा पर्याय पुढे येत नाही.

बार्शी, पंढरपूर, अकलूजकडच्या मंडळींनी सोलापूरचा विचार करण्याआधी आपल्या तालुक्यात मशीन आहे का याची चौकशी करावी. प्रवासात गेलेले तास कुठलाच मालक भरून देत नाही.

४. मालकांशी बोलणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नोकऱ्या इथे जातात. आजारामुळे नाही, बोलण्याच्या पद्धतीमुळे. आपण जातो, डोळ्यांत पाणी येतं, क्रिएटिनिन किती आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगतो. समोरचा माणूसही हळहळतो. पण त्याच्या डोक्यात एकच उरतं: ही बाई आता कामाची नाही.

म्हणून वेळापत्रक घेऊन जा. कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत मी इथे आहे, माझं कोणतं काम कोण बघेल, आणि काय बिलकुल अडणार नाही. बोलणं साधारण असं होतं:

"मालक, मंगळ-गुरु-शनि मी दोनला निघणार. गाडी चारला लागते, तिची बिलं मी एकच्या आत करून ठेवते."
"आणि एखाद्या दिवशी जास्त झालं तर?"
"तर सकाळी सातच्या आत फोन येईल. पॅकिंगमधल्या पोरीला ई-वे बिल करायला शिकवलंय मी."
"बघू की. आधी एक महिना करून बघा."

"एक महिना करून बघा" हे ऐकलं की उठा. यापेक्षा जास्त पहिल्या बैठकीत मिळत नाही आणि मागूही नये.

त्याच दिवशी लेखी पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. नमुना:

*मा. व्यवस्थापक यांस,*
*मला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असून दर मंगळवार, गुरुवार व शनिवार दुपारी ३ वाजता डायलिसिस घ्यावे लागते. या दिवशी मी सकाळी ८ ते दुपारी २ आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ८ ते सायंकाळी ६ (मध्ये १ तास सुट्टी) काम करीन. याप्रमाणे आठवड्याचे ४५ तास पूर्ण होतात. डॉक्टरांचे व डायलिसिस केंद्राचे पत्र सोबत जोडले आहे. ही वेळ मंजूर करावी, ही विनंती.*

४८ तासांच्या आठवड्यात तीन तास कमी पडतात. त्यांचा पगार कापला तर कापू द्या. तीन तासांवरून वाद घालण्यापेक्षा ४५ तासांवर सही मिळवणं जास्त मोलाचं. मात्र नवा पगार किती ते लिहून घ्या, नाहीतर तीन तासांच्या नावाखाली अर्धा पगार जातो.

सहकाऱ्यांना किती सांगायचं? शेजारच्या टेबलावरच्या एकाला किंवा एकीला सगळं सांगा, कारण काही झालं तर तीच व्यक्ती धावणार आहे. बाकीच्यांना "दवाखान्याची वेळ आहे" एवढं पुरे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांची माहिती संमतीशिवाय उघड करणं आणि त्या कारणाने नोकरीत भेदभाव करणं, दोन्हीला त्यात मनाई आहे.

५. ईएसआयची रजा: पैसे कसे येतात

फिस्टुलाचं ऑपरेशन, पहिले काही आठवडे, मध्येच झालेला संसर्ग, अशा वेळी सलग घरी राहावं लागतं. तेव्हा हे कामाला येतं.

आजारपणाचा साधा लाभ: वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के. रोजचा सरासरी पगार ५०० धरला तर ३५० रुपये. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणीकाळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर मात्र ते दोन दिवस कापत नाहीत.

वाढीव लाभ: ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. कायमची निकामी झालेली किडनी तिच्यात आहे. क्षयरोग, कॅन्सर, पक्षाघात, पार्किन्सन, हृदय निकामी होणं, स्किझोफ्रेनिया हेही आहेत. ९१ दिवस संपल्यावर या आजारांना पगाराच्या ८० टक्के, कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार वर्गणीकाळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. मधुमेह असला म्हणून लगेच यादीत बसत नाही. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा, पाय किंवा किडनी बिघडली तर बसतो.

इथे लोक तीन ठिकाणी चुकतात. खासगी डॉक्टरांचा दाखला घेऊन थेट पैसे मागायला जातात, पण ईएसआयच्या डॉक्टरांनी दाखला दिल्याशिवाय रजा धरली जात नाही. म्हणून आजारी पडल्या पडल्या आपल्या ईएसआय दवाखान्यात नोंद करा. दुसरं, रजेत असताना मालकाकडून मस्टरवर हजेरी लावून घेतात, आणि पगार मिळालेल्या दिवसाचा लाभ मिळत नसल्याने दावा अंगाशी येतो. तिसरं, दाखला वेळच्या वेळी वाढवून घेत नाहीत आणि मध्ये खंड पडतो. बँक खातं आणि आधार विमा क्रमांकाला जोडलेलं असू द्या.

डायलिसिससाठी ईएसआय आपल्या रुग्णालयातून किंवा करार केलेल्या खासगी रुग्णालयात पाठवतं, पण संदर्भपत्र घेऊनच. पत्राची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी नवं काढायला जा.

६. ईएसआय नसेल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि डायलिसिस त्यात आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटा. रेशन कार्ड आणि आधार दाखवून मंजुरी येऊ द्या आणि मगच उपचार. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवू, असं कुणी म्हणालं तर भरू नका. १५५३८८ हा योजनेचा फोन. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, गर्दी असते. पण कागद एकाच ठिकाणी मार्गी लागतात, म्हणून सुरुवात तिथून करावी असं मी सांगेन.

विडी वळणाऱ्या बायकांनी विडी कामगार ओळखपत्र शोधून ठेवा. त्यावर केंद्राच्या कामगार कल्याण दवाखान्यातून उपचार मिळतात, आणि कॅन्सर, हृदयविकार, किडनी प्रत्यारोपण अशा मोठ्या खर्चाच्या परताव्याचा अर्जही करता येतो. कार्ड नसेल तर आजारी पडायची वाट न बघता काढून घ्या.

पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ पैसे ऑनलाइन काढता येतात. काढा, पण खातं रिकामं करून बंद करू नका. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पूर्ण रक्कम उचलली की ती मोजणी तुटते.

संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये तहसीलमधून मिळतात. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० इतकी खाली आहे की नोकरी असलेल्या घराला ती लागू पडत नाही. कमावणारं कुणीच उरलं नसेल तर तिकडे बघा.

७. "अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून देतो"

असं म्हणणारा माणूस तुम्हाला सिव्हिलच्या आवारात भेटेलच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहेत. किडनी निकामी होणं त्यात नाही. नुसत्या डायलिसिसवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे एजंटला दिलेले पैसे गेले म्हणून समजा. संधिवाताने सांधे वाकडे झाले असतील, मधुमेहाने पाय किंवा नजर गेली असेल, तर त्या अपंगत्वाची तपासणी होऊ शकते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळासमोर. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात.

८. कामाची जागा

कारखान्यात राहूनही जागा बदलता येते. डाइंग-प्रोसेसमध्ये बॉयलरची आणि वाफेची उष्णता, मागावर तंतूंची धूळ आणि बीमचं वजन. या दोन्हींकडून हेमिंग, चेकिंग, घडी, लेबल, पॅकिंग लिस्ट याकडे सरकायचा प्रयत्न करा. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्यांनी नव्या जागेचा दर आधी विचारावा.

फिस्टुलाचा हात जपायचा. त्या हाताने गठ्ठा उचलायचा नाही, पिशवी अडकवायची नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, बीपी मोजायला किंवा रक्त काढायला तो हात द्यायचा नाही. घड्याळ, घट्ट बाही, बांगड्या नकोत. माझ्या डाव्या हातात बांगडी नसते, आणि हळदी-कुंकवाला गेलं की कुणीतरी हमखास त्याकडे बघतं. आता मीच तो हात पुढे करून मनगट लावून बघायला सांगते. आतलं रक्त मांजर गुरगुरावं तसं थरथरतं. बायका चपापतात आणि विषय संपतो. ही थरथर रोज सकाळी तपासायची. लागली नाही तर त्या दिवशी कामावर नाही, तडक डायलिसिस केंद्रावर.

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात. त्यानंतर काही तास जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. त्या संध्याकाळी कटर, कात्री, अगदी घरची विळीसुद्धा दुसऱ्याच्या हातात. सुईच्या जागेतून रक्त आलंच तर बोटाने घट्ट दाबून हात वर धरायचा. हे त्या शेजारच्या टेबलवाल्या मैत्रिणीलाही शिकवून ठेवा.

९. उन्हाळा, पाणी आणि ताट

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि आपल्याला मोजून पाणी. किती ते डॉक्टर ठरवतात. दिवसाची लघवी जितकी, त्यावर साधारण अर्धा लिटर, असा हिशेब बहुधा असतो. चहा, ताक, आमटी, बर्फ सगळं त्यातच. अर्ध्या लिटरची बाटली भरून कामावर न्यायची, माठाकडे जायचं नाही. तहान मिठाने वाढते, म्हणून आधी मीठ कमी करा, पाणी आपोआप आटोक्यात राहतं. चूळ भरली तरी बरं वाटतं.

कळवळ्याने दिलेल्या गोष्टींपासून जपा. "उन्हातून आलीस, नारळपाणी घे." डायलिसिसवर असणाऱ्याला नारळपाणी, केळी, फळांचे रस यांतलं पोटॅशियम जिवावर येऊ शकतं. दुकानात "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. शेंगा चटणीचं मलाही वाईट वाटतं. पण मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस तिन्ही त्यात आहेत, म्हणून चिमूटभर, तेही आहारतज्ज्ञांनी हो म्हटलं तर. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं.

आणि डायलिसिसच्या आधी दिलेलं "डाळ नको, अंडं नको" हे पथ्य डायलिसिस सुरू झाल्यावर तसंच चालवू नका. मशीनमधून प्रथिनं जातात, त्यामुळे आता ती जास्त लागतात. डब्यात अंड्याचा पांढरा भाग आला तेव्हा कुठे मला दुपारी टेबलावर डोकं टेकावंसं वाटणं कमी झालं.

प्रत्यारोपणाच्या तपासण्यांसाठी पुण्याच्या फेऱ्या होतात. मृत व्यक्तीकडून मिळणाऱ्या किडनीच्या प्रतीक्षायादीची नोंद आपल्या भागासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते, ती नोंदणीकृत रुग्णालयामार्फत होते. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्याला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकालाही. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलाच दाखला घ्या, साध्या लेटरहेडवर चालत नाही. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात चौकशी करा.

१०. नवी नोकरी शोधावी लागली तर

जुनी जागा टिकलीच नाही तर हिशेब, बिलिंग, युनिफॉर्मच्या कारखान्यातलं चेकिंग, दुकानातला गल्ला अशी बसून करायची कामं बघा. महास्वयंम या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंद करा, पण आपल्या गावात नोकरी ओळखीतूनच लागते हे धरून चाला. डायलिसिस केंद्रातच चार लोकांना सांगून ठेवा. तिथे कारखानदारही असतात, शेजारच्या खुर्चीवर.

घरून कडक भाकरीचा धंदा करायचा सल्ला हमखास मिळतो. मागणी चांगली आहे, पण मे महिन्यात तव्यासमोर चार तास बसून पाणी मोजून पिणं आपल्याच्याने होत नाही. पीठ, पॅकिंग, ऑर्डर, हिशेब आपल्याकडे आणि भाजणं दुसऱ्याकडे अशी भागी जमली तरच उतरा. पहिल्या वर्षात कर्ज काढून काहीच सुरू करू नका.

मुलाखतीत आजार लगेच सांगायचा का? सगळा इतिहास सांगायची गरज नाही. पण तीन दिवस दोनला निघणार हे पगार ठरायच्या आधी सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडण होतं. अर्जात "काही आजार आहे का" असं लेखी विचारलं असेल तर खोटं लिहू नका, तेच पुढे काढून टाकायचं निमित्त होतं.

रुजू होताना जुनाच ईएसआय विमा क्रमांक आणि जुनाच यूएएन द्या. ऑफिसातला मुलगा घाईत नवा क्रमांक काढतो, आणि मग आधीची वर्गणी एका नावावर, आताची दुसऱ्यावर असं होऊन वाढीव लाभाचे १५६ दिवस भरत नाहीत. पहिल्या पगाराची चिठ्ठी हातात आली की क्रमांक ताडून बघा.